पाना-पकड : अजून थोडं घट्ट, आणि आटे गेले

पावसाची झड लागली की या सदराकडे पत्रं वाढतात. माणूस घरात अडकलेला, दुचाकी दारात भिजलेली, म्हटल्यावर हात पान्याकडे जातातच. आयटीआयमध्ये मुलांना मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, तेव्हा मास्तरकीचा सूर लागला तर सोसून घ्या. या वेळची पत्रं वाचून मात्र गंमत वाटली. गाडीकडे दुर्लक्ष करणारा यात एकही नाही. जो तो जास्तीचं ऑइल ओततोय, जास्तीचं पिळतोय, नाहीतर जास्तीचं धुतोय.

सर, माझी २०१६ ची स्प्लेंडर आहे. या वेळी ऑइल घरीच बदलायचं ठरवलंय. शेजारी म्हणतात, कारचं ऑइल घाला, स्वस्तही पडतं आणि चांगलंही असतं. शिवाय थोडं जास्त घातलं तर इंजिन थंड राहतं. हे खरं का?
— एक शिक्षक, बार्शी

शेजारी माणूस म्हणून चांगले असतील. ऑइलच्या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

कारमध्ये क्लच इंजिनच्या बाहेर, कोरडा असतो. तुमच्या गाडीत क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. कारला ती पेट्रोल वाचवायला मदत करतात, तुमच्या प्लेटांना मात्र घसरायला लावतात. मग चढावर ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA) किंवा ‘एमए२’ (MA2) ही अक्षरं शोधा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीची ती खूण. ‘एमबी’ लिहिलेला डबा गिअर नसलेल्या स्कूटरचा, तो नको. तुमच्या गाडीला १०डब्ल्यू-३० (10W-30) ग्रेड, म्हणजे तेवढ्या जाडपणाचं ऑइल, सांगितलेली आहे. जाड ऑइल म्हणजे दमदार ऑइल, ही समजूत ज्या काळातल्या गाड्यांसोबत आली त्या गाड्या आता भंगारात गेल्या.

आता जास्तीचं. बाजारात ९०० मिलीचे डबे येतात ते उगाच नाही. शंभर सीसीच्या इंजिनाला ऑइल बदलताना लिटरभरही लागत नाही. त्यापेक्षा जास्त ओतलंत तर क्रँक त्यात घुसळत राहतो, आत दाब वाढतो आणि ऑइल वाट मिळेल तिकडे निघतं. कधी सीलमधून गळतं, कधी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीतून थेट एअर फिल्टरमध्ये जातं. पातळी बघताना गाडी डबल स्टँडवर उभी करा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा. मग ऑइल मोजायची कांडी (डिपस्टिक) पुसून परत घालताना आटे न फिरवता नुसती टेकवायची. फिरवून आत बसवली तर ती खोटं बोलते, ऑइल आहे त्याहून जास्त दाखवते.

काम तसं सोपं आहे. इंजिन कोमट असताना खालचा ड्रेन बोल्ट सोडा. भाजेल इतकं गरम नको, आणि गारठलेलं असेल तर सगळं ऑइल उतरत नाही. रिंग पाना वापरा, नाहीतर बॉक्स पाना. पुढे-मागे सरकणारा ॲडजस्टेबल पाना या बोल्टला लावला की त्याचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी तो बोल्ट निघत नाही. ऑइल उतरलं की बोल्ट पुसून, नवं वायसर घालून आधी बोटांनी फिरवा. बोटांनी जाईल तेवढा जाऊ द्या. मग पाना लावून वायसर दबल्याचं हाताला जाणवलं की थांबा.

इथेच सगळे मार खातात. बोल्ट पोलादी, इंजिनचं घर ॲल्युमिनियमचं. ‘अजून थोडं’ म्हणून जो शेवटचा हिसका देतात, त्यात ॲल्युमिनियमचे आटे जातात. शंभर-सव्वाशे रुपये वाचवायला बसलेला माणूस मग नवे आटे पाडून घ्यायला लेथवाल्याकडे इंजिन घेऊन जातो. ट्रेडला आलेल्या मुलांना पहिला आठवडाभर मी भंगारातल्या इंजिनावर नुसते बोल्ट लावायला आणि काढायला बसवायचो. मुलं कंटाळायची. कंटाळू देत.

तुमच्या गाडीला बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतो. आत जाळी असते आणि गरगर फिरून गाळ बाजूला टाकणारा एक भाग असतो. त्यासाठी उजवीकडचं झाकण उघडावं लागतं. ते काम सध्या गॅरेजवर सोडा.

जळकं ऑइल गटारात ओतू नका, चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासूही नका. त्यात धातूचा चुरा असतो, अंगाला लावण्यासारखं ते नाही आणि कायद्यानं तो घातक कचरा आहे. त्याच डब्यात भरून गॅरेजच्या बॅरलमध्ये नेऊन टाका. गॅरेजवाले ते विकतात, नाही म्हणणार नाहीत.

आमची गाडी पुराच्या पाण्यात रात्रभर बुडाली होती. पाणी उतरल्यावर मुलगा किक मारायला निघाला, मी थांबवलं. आता काय करू? गॅरेजवाला आठ दिवस येऊ शकत नाही.
— एक गृहिणी, चिपळूण

ताई, थांबवलंत हे सगळ्यात मोठं काम झालं. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर तुमच्या गावाला हे नव्यानं सांगायला नको. आमच्या सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा उतरल्यावर गॅरेजांपुढे रांगा लागल्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या पुरानं नाही, किकनं मेल्या होत्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ दाबला किंवा जोरात किक मारली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन पूर्ण खोलावं लागतं.

पहिलं काम पान्याचं नाही, फोनचं. गाडी आहे तशी असताना चारी बाजूंनी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ त्यात येऊ द्या, आणि विमा कंपनीला कळवा. विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर यात काही मिळणार नाही. फुल असेल तर कळवण्याआधी काही उघडू नका. बुडालेली गाडी सुरू करायला जाऊन इंजिन गेलं, तर ते नुकसान द्यायला कंपन्या खळखळ करतात.

ते झालं की बॅटरीची काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, काढून बाजूला करा. गाळ ओला आहे तोवर साध्या नळाच्या पाण्यानं गाडी धुवा. वाळला की तो सिमेंट होतो.

मग गाडी जुनी, कार्बोरेटरची आहे का बघा. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची आणि कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची असेल, तर इथेच थांबा आणि गॅरेजवाल्याची वाट पाहा. तिच्यात कॉम्प्युटर आहे, सेन्सर आहेत, जोडण्यांत पाणी असेल.

कार्बोरेटरची असेल तर मुलाला हाताशी घ्या. स्पार्क प्लग काढा. प्लग निघाल्यावर किक हातानं, सावकाश दाबायची. प्लगच्या भोकातून पिचकारी येईल, तोंड त्या बाजूला नको. प्लग काढूनही किक हलत नसेल तर जोर लावू नका, ते काम तुमचं नाही. पाणी यायचं थांबलं की त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत चार-पाच वेळा हळू किक दाबा, म्हणजे सिलिंडर गंजणार नाही. नंतर खालचं ऑइल काढा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. एअर फिल्टर काढा, त्याच्या डब्यातलं पाणी उपसा. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

एवढं झालं की गाडीला आठ दिवस धोका नाही. सुरू करायची घाई करू नका. गॅरेजवाला आला की त्याला सांगा, स्वस्तातलं पण गाडीच्या ग्रेडचं ऑइल भरून थोडा वेळ चालव, काढ आणि परत नवं भर. एका वेळेत सगळं पाणी निघत नाही. आणि चाकाचे बेअरिंग, ब्रेकचे ड्रम उघडून घ्या. पुराचा बारीक गाळ तिथे बसतो आणि दोन महिन्यांनी, पूर विसरल्यावर, घरघर सुरू होते.

मी १९ वर्षांची आहे, नर्सिंगला आहे. बाबांची यामाहा आता मी चालवते. सुरुवातीला कोणती हत्यारं घेऊ? ऑनलाइन १०८ नगांचा सेट दिसतोय.
— एक विद्यार्थिनी, नाशिक

१०८ नगांतले ९० नग पेटीतच म्हातारे होतील. तू आधी सीटखालची टूलकिट बघ, बाबांनी हरवली नसेल तर. त्यावर ८-९, १०-११, १२-१३ आणि १४-१५ चे चांगल्या पोलादाचे रिंग पाने, मागच्या चाकाच्या नटाला बसेल तो एक मोठा पाना, एक पकड, एक स्टार आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, ॲलन कीचा जुडगा, तुझ्या गाडीच्या मापाचा प्लग पाना आणि टायरची हवा मोजायचा गेज. हा गेज सगळ्यात कमी विकला जातो आणि सगळ्यात जास्त उपयोगी आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना मोज. आकडा चेनच्या कव्हरवर किंवा पुस्तिकेत असतो, मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा.

पाने आखूड-लांब का असतात, हे कोणी सांगत नाही. छोट्या मापाचा पाना मुद्दाम आखूड केलेला असतो, म्हणजे हाताचा पूर्ण जोर त्या छोट्या बोल्टवर पडत नाही. त्याला पाइप जोडून लांब केलास तर पाना बनवणाऱ्यानं केलेला सगळा विचार वाया.

आणि यामाहा आहे म्हणून सांगतो. उजवा आरसा काढायला गेलीस आणि तो नेहमीच्या दिशेला सुटेना, तर जोर लावू नकोस. त्याचे आटे बऱ्याचदा उलटे असतात. कुठे धडकलं तर आरसा घट्ट होऊन हातात रुतण्याऐवजी सैल होऊन फिरावा म्हणून.

माझी पल्सर चालताना चेनचा आवाज येतो. भाऊ गाडी डबल स्टँडवर लावून, पहिल्या गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून फडक्यानं चेन पुसतो, पटकन स्वच्छ होते. चेन एकदम ताठ केली तरी आवाज जात नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

भावाला हे वाचून दाखवा, आजच. इंजिन चालू, चाक फिरतंय, हातात फडकं: या पद्धतीनं बोटं जातात. फडक्याचा धागा चेन पॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राच्या, दातात अडकतो, फडकं ओढलं जातं आणि त्यामागोमाग बोट. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. तुमच्याकडे यंत्रमाग आहेत, चालत्या यंत्रात हात घालणं म्हणजे काय ते इचलकरंजीकराला मी सांगावं असं नाही. चेन साफ करताना इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलला, चाक हातानं फिरवायचं. वेळ लागतो. लागू दे.

आवाज जात नाही कारण चेन ताठ केलीत. चेनला ढिलाई लागतेच. तुमच्यासारख्या गाड्यांत साधारण २० ते ३० मिलिमीटर वर-खाली हलली पाहिजे, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. गाडीवर माणूस बसला, खड्डा आला, की मागचं चाक वर जातं आणि चेन आपोआप ताणते. आधीच ताठ असेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो आणि चेनही लांबते. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबती असेल तर चेन संपली. मग चेन आणि दोन्ही चक्रं एकत्र बदला. नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेन खातात.

सैल करताना दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, पट्टीवरच्या खुणा जुळवा, नाहीतर चाक तिरकं बसेल. साफ करायला रॉकेल किंवा डिझेल, पेट्रोल नको. कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असतील तर पेट्रोलनं त्या फुगतात, आणि पेट्रोलची वाफ पेटते हे वेगळंच. पुसून झाल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी वरचं पुसून टाका. ग्रीस थापू नका. वरून थापलेलं ग्रीस आत जात नाही, नुसती वाळू पकडतं.

समुद्राकाठी राहतो. गंज येऊ नये म्हणून दर रविवारी प्रेशर पंपानं गाडी धुतो, तरी गंज येतोच.
— एक वाचक, वेंगुर्ला

प्रेशरचं पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत जातं, हँडलच्या कोनमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये जातं, वायरींच्या जोडण्यांत जातं. खारा वारा बाहेरून खातो, तुमचा पंप आतून. बादली आणि मग घ्या. धुतल्यावर पाच-दहा मिनिटं गाडी चालवून आणा, ब्रेक दोन-चार वेळा हळू दाबा, चेनला तेल द्या. स्पोकवर आणि बोल्टच्या डोक्यांवर ऑइलचं फडकं फिरवा, मात्र ब्रेकच्या डिस्कजवळ नाही.

नवी बीएस-६ गाडी आहे. ऑफिस घरापासून दीड किलोमीटर. सेल्फ दाबला की नुसता टकटक आवाज. इंजेक्शनची गाडी घरी हात लावण्यासारखी असते का?
— एक वाचक, पुणे

असते. कार्बोरेटरच्या जागी आलेलं इंजेक्शन, कॉम्प्युटर आणि सेन्सर सोडले तर बाकी सगळं तेच आहे.

तुमची बॅटरी उपाशी आहे. सुरू करताना सेल्फ बरंच खातो, आणि दीड किलोमीटरमध्ये ते भरून येत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतोच, तेही आलं. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास गाडी फिरवा. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जा, तेवढंच.

आधी टर्मिनल बघा. सैल असतील किंवा पांढरी बुरशी आली असेल तर टकटक त्यामुळेही होते. काढताना काळी आधी, लाल नंतर. लावताना लाल आधी. उलट केलंत आणि लाल सोडवताना पाना चासीला टेकला तर ठिणग्या उडतात. बुरशीवर सोड्याचं गरम पाणी, मग कोरडं पुसून व्हॅसलीन. बंद गाडीत मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन चालू करून थोडं रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसले तर चार्जिंग ठीक. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटून पाणी घालू नका, असे महाभाग आहेत म्हणून सांगतो.

आणि पेट्रोल रिझर्व्हच्या तळाला नेऊ नका. तुमच्या गाडीचा पेट्रोलचा पंप टाकीतच आहे, आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं.

माझ्याकडे १९९० च्या दशकातली सीडी १०० आहे. शेतावर लागेल तेव्हाच काढतो. पंधरा दिवस उभी राहिली की सुरू होताना रडवते. लोक म्हणतात इथेनॉलमुळे.
— एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

आपलाच ऊस आपल्याच टाकीत परत आलाय, तक्रार कोणाकडे करणार!

लोक अगदीच चूक नाहीत. पेट्रोलमध्ये मिसळलेलं हे उसापासूनचं इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटतं आणि तळाला बसतं, आणि कार्बोरेटरला जाणारं तोंडही तळालाच. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या पेट्रोलसाठी केलेले नव्हते, ते कडक होतात नाहीतर फुगतात. पाइप स्वस्त आहे, बदलून टाका.

गाडी ठेवायची असेल त्या दिवशी पेट्रोल कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. टाकी मात्र भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते. परत काढताना कार्बोरेटरच्या वाटीखालचा छोटा ड्रेन स्क्रू सोडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाला वेगळा थर दिसला तर निवळ येईपर्यंत सोडत राहा. तो स्क्रू पितळेचा, इवलासा. त्याच्याही बाबतीत माझं पिळण्याबद्दलचं म्हणणं तेच.

मुलाला ब्रेक घरी उघडायचे आहेत. उघडू देऊ का?
— एक पालक, लातूर

ॲडजस्ट करू द्या, उघडू देऊ नका. मागच्या ब्रेकचा ॲडजस्टिंग नट अर्धा-अर्धा फेरा फिरवून पाहायचा, आणि चाक उचलून हातानं मोकळं फिरतंय याची खात्री करायची. लायनर, म्हणजे ड्रममध्ये घासणारा ब्रेकचा भाग, बदलायचा असेल तर पहिल्या वेळी जाणत्या माणसाच्या शेजारी बसून. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. ती छातीत जाण्यासारखी नसते. डिस्क ब्रेकचं ऑइल तर नकोच. ते हवेतलं पाणी ओढतं, रंग खातं, आणि नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर लिव्हर थेट हँडलला टेकतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल बदलताना फरशीवर सांडलं. सेक्रेटरी साहेबांनी नोटीस लावली आहे. डाग कसा काढू?
— एक वाचक, डोंबिवली

पाणी ओतू नका, पसरेल. सुताराकडून लाकडाचा भुसा आणा, जाड थर द्या, चपलेनं दाबा आणि रात्रभर ठेवा. सकाळी झाडून दुसरा थर द्या. उरलेल्या डागावर कपडे धुण्याची पावडर घट्ट कालवून ब्रश मारा. फरशी गुळगुळीत असेल तर निघेल, काँक्रीट असेल तर फिकट सावली राहील. ऑइल लागलेला भुसा कचऱ्याच्या डब्याजवळ ढीग करून ठेवू नका, पिशवीत बांधून जळक्या ऑइलच्या डब्यासोबत गॅरेजवर द्या. पुढच्या वेळी खाली जुना फ्लेक्स अंथरा. निवडणुका झाल्या की हवे तेवढे मिळतात.